पटावर नाव, घरात शाळा

स्वमग्न मुलाला घरी शिकवायचं, हा निर्णय वर्धा जिल्ह्यातले बहुतेक आईबाप स्वतःहून घेतच नाहीत. तो त्यांच्यावर येऊन पडतो. अंगणवाडीत किंवा पहिलीत बाई म्हणतात, हा एका जागी बसत नाही, दुसऱ्या पोरांना ढकलतो, तुम्ही जरा वर्षभर घरीच सांभाळा. इंग्रजी शाळेतून भरलेली फी परत येते. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरकडच्या गावातून रोज वर्ध्याला न्यायचं म्हटलं तर एसटीच्या प्रवासातच मूल थकून जातं, आणि आईबापांची मजुरी बुडते ती वेगळीच. मग एक वर्ष घरी, दोन वर्षं घरी. बघता बघता मूल नऊ वर्षांचं होतं, त्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं, आणि घरचं शिक्षण म्हणजे सकाळी तासभर पाटी-पेन्सिलीवरून रडारड आणि उरलेला दिवस मोबाईल.

हा लेख अशा घरांसाठी आहे, आणि विचारपूर्वक घरचा रस्ता धरलेल्यांसाठीही. घर ही या मुलांची चांगली शाळा होऊ शकते, पण त्याला दोन अटी आहेत. घराने शाळेची नक्कल करायची नाही, आणि मूल घरी शिकतंय म्हणून त्याचं नाव गावाच्या, शाळेच्या, सरकारच्या वहीतून गळू द्यायचं नाही.

आधी कागद

कागदांचं आधी सांगते, कारण शिकवण्याच्या उत्साहात तेच मागे पडतात आणि परीक्षेच्या फॉर्मची वेळ आली की घरभर धावपळ होते.

पहिली तपासणी कानांची. हाक मारल्यावर मूल वळत नाही, यामागे ऐकू न येणंही असू शकतं. ‘बेरा’ नावाच्या तपासणीतून ते कळतं. लहान मुलांची ती बहुधा झोपेत करतात. मग बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचार विभाग. या बाबतीत वर्धेकर नशीबवान आहेत. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अशी वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालयं शहराला लागूनच आहेत. जाताना मात्र तोंडी वर्णनावर विसंबू नका. मूल एकटं खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर, घरी पाहुणे आल्यावर कसं वागतं याचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या. ओपीडीच्या गर्दीत मूल एकतर गप्प होतं किंवा आकांत मांडतं, आणि डॉक्टरांना जे पाहायचं असतं ते नेमकं तिथे दिसत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० किंवा त्याहून जास्त गुण आले की स्वमग्नता धरतात. हे गुण मुलाच्या बुद्धीचं माप नाही, त्याला आधाराची किती गरज आहे याचा तो अंदाज आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदलं गेलं तर बहुतेक सवलती लागू होतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि तपासणीला जिल्हा रुग्णालयात जायचं. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं मिळालं तर ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

आता शाळेचं. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार बहुविध किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडता येतो. या वाक्यातलं ‘निवडता येतो’ नीट लक्षात घ्या. निवड कुटुंबाने करायची आहे. त्या तरतुदीचं बोट दाखवून शाळेने मुलाला दारातून परत पाठवायचं, असा तिचा अर्थ होत नाही. उलट ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की घरी शिकवायचं ठरलं तरी गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर मुलाचं नाव ठेवा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जाऊन समावेशित शिक्षणाचं काम पाहणाऱ्या विशेष शिक्षकांना भेटा. समग्र शिक्षा योजनेत घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. शिक्षक महिन्यातून एकदाच आले, तरी त्या भेटीत आपण काय करतोय ते त्यांना दाखवा आणि पुढच्या महिन्यात काय करायचं ते वहीत लिहून घ्या. जमेल तेव्हा मुलाला तासभर शाळेत न्या. परिपाठाची गर्दी त्याला झेपत नसेल तर जेवणाच्या सुट्टीआधी पोचा, पोषण आहार सगळ्यांबरोबर खाऊ द्या आणि घरी आणा. वर्गातल्या पोरांना त्याचं नाव ठाऊक असणं हे पुढे फार उपयोगी पडतं. शाळेत जायच्या आधीच्या वयात हेच अंगणवाडीबाबत.

राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यात थेरपीचा खर्चही येतो आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. नूतनीकरण मात्र दर वर्षी करावं लागतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून त्याचा हिशेब मागायला संकोच करू नका. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालय आणि एसटी सवलतीसाठी आगार. प्राप्तिकर भरणाऱ्यांना जुन्या करपद्धतीत ‘८० डीडी’ कलमाखाली ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते.

स्वयंपाकघर, वावर, बाजार

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे मांडलेली गोष्ट अशी: मुलाने मातृभाषेत शिकावं, आणि हाताने करायच्या उपयोगी कामातून शिकावं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला आणि ‘नयी तालीम’ या नावाने ती सेवाग्रामला रुजली. आश्रमाच्या परिसरातली आनंद निकेतन शाळा आजही त्याच वाटेने चालते; स्वयंपाक, शेती, सूत यांतून तिथे गणित आणि विज्ञान निघतं. त्या परिषदेत स्वमग्न मुलांचा विचार कुणी केला नव्हता, करणं शक्यही नव्हतं. लिओ कॅनर यांचा या मुलांवरचा पहिला लेख १९४३ चा. तरीही आज विशेष शिक्षक जे सांगतात ते त्या विचाराशी जुळतं. स्वमग्न मुलाला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं अवघड जातं. कार्डावरची पाच सफरचंदं मोजणारं मूल ताटातल्या पाच पोळ्या मोजेलच असं नाही. मग कार्डावर शिकवून ते ताटात उतरण्याची वाट पाहण्यापेक्षा ताटातच शिकवलेलं बरं.

वरण-भाताचं घ्या. डबा कुठला, डाळ कुठली, तुरीची की मुगाची, वाट्या किती, पाणी किती, धुवायची किती वेळा. यात ओळखणं, मोजणं, क्रम लावणं आहे, आणि मुख्य म्हणजे थांबणं आहे. थांबणं या मुलांना सगळ्यात जड जातं. कुकरच्या शिट्टीने कान झाकून पळणारं मूल असेल तर सुरुवात कुकरपासून करूच नका. डाळ निवडून द्यायला बसवा आणि कुकर लागेल तेव्हा त्याला अंगणात न्या. काही आठवड्यांनी एका पुठ्ठ्यावर तीन टिकल्या लावा. एक शिट्टी झाली की एक टिकली त्याच्या हाताने काढायची. तिन्ही संपल्या की गॅस बंद, आणि बंद करणारे तुम्ही. आवाज तोच राहतो, पण तो कधी येणार आणि किती वेळा येणार हे कळलं की मुलाची भीती बरीच उतरते.

काम शिकवताना शेवटाकडून सुरू करा. शर्ट घालायला शिकवायचं आहे ना? सगळा शर्ट तुम्ही घाला आणि फक्त शेवटची बाही त्याला ओढू द्या. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या. अशाने प्रत्येक वेळी काम पुरं होतं ते मुलाच्या हातून, आणि ‘झालं!’ हा शब्द त्याच्या वाट्याला येतो. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर मूल मध्येच अडकतं, पुढचं आई करून टाकते आणि दिवसाकाठी त्याच्या हातून एकही गोष्ट पूर्ण होत नाही. दात घासणं, चप्पल घालणं, संडासला जाऊन हात धुणं, अंथरुणाची घडी, सगळ्याला हीच रीत.

कामं घरातलीच निवडा, पण खरी निवडा. सांभार (कोथिंबीर) निवडणं, लसूण सोलणं, फल्लीदाणे आणि तुरीचे दाणे वेगळे करणं, माठ भरणं, गाईपुढे कुटार टाकणं. एका रंगाचे खडे त्याच रंगाच्या डब्यात टाकायचे खेळ महागड्या किटमध्ये मिळतात. ते वाईट नाहीत, पण मुलाला कळतं की याचं पुढे काही होणार नाही. सांभार निवडला तर तो भाजीत पडतो. हिवाळ्यात कापूस घरात येतो तेव्हा सरकी आणि रुई बोटांनी वेगळी करायला काही मुलं तासन्‌तास बसतात. काहींना मात्र रुईचा स्पर्श अजिबात सहन होत नाही. तिथे हट्ट नको.

आठवडी बाजार पुढच्या टप्प्यावर ठेवा. आधी बाजार भरायच्या वेळेला जा, गर्दी व्हायच्या आत. एकच वस्तू, एकच दुकान, खिशात दहाचं एकच नाणं. दुकानदाराला आधी सांगून ठेवा की हा बोलणार नाही, चित्र दाखवेल, आणि नाणं त्याच्याच हातून घ्या. तुम्ही मागून बोलू नका. आई जरा जास्तच बोलते, अशी तक्रार मी बऱ्याच विशेष शिक्षकांकडून ऐकली आहे, आणि ती खरी आहे.

दिवसाची चित्रं

या मुलांचा बराचसा त्रास ‘आता पुढे काय?’ यातून येतो. त्यावर उपाय स्वस्त आहे. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढा, बादली, ताट, सायकल, अंथरूण. गावातल्या स्टुडिओतून छापून घ्या, आणि सकाळपासून रात्रीपर्यंतच्या क्रमाने दारामागे लावा. झालेलं काम खालच्या पिशवीत टाकायचं. एवढंही झेपत नसेल तर दोनच चौकोन ठेवा, ‘आधी’ आणि ‘मग’. आधी आंघोळ, मग झोका. आणि ‘मग’चा शब्द पाळा, एकदा झोका चुकवलात की पुढचे चार दिवस आंघोळीला तंटा.

सुरुवातीला बसून करायचा अभ्यास पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, पण तो दिवसातून चार-पाचदा होऊ द्या. विदर्भाच्या उन्हाळ्यात वेळापत्रक वेगळं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी कुणालाच काही सुचत नाही. कठीण काम पहाटे, दुपारी अंधाऱ्या खोलीत पाण्याचे खेळ, आणि संध्याकाळी बाहेर. कुलरचा घुमणारा आवाज काही मुलांना शांत करतो, काहींना छळतो. तुमचं मूल कुठल्या गटातलं ते पाहून त्याची जागा ठरवा. वीज गेल्यावर काय करायचं त्याचंही एक चित्र करून ठेवा, कारण वीज जाणारच आहे.

सणांचंही असंच. पोळ्याच्या दिवशी झडत्या आणि ढोल, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. लाकडी नंदी घेऊन जाणं हे स्वमग्न मुलालाही आवडेल, पण डीजे समोर आला की सगळं बिघडतं. आदल्या वर्षीचा व्हिडिओ आठवडाभर आधीपासून दाखवा, घरी नंदी ओढण्याचा सराव करा, आणि मिरवणुकीत सुरुवातीची दहा मिनिटं जाऊन परत या. लोक म्हणतील, आत्ताच तर आले. म्हणू द्या.

बोलणं

‘काहून बोलत नाही हा?’ हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि आईही रात्रंदिवस त्याच एका गोष्टीच्या मागे असते. माझा सल्ला, काही काळ तोंडाच्या बोलण्याचा नाद सोडून सांगण्याकडे लक्ष द्या. मूल हात धरून फ्रिजपाशी नेतं, तेव्हा ते सांगतंच आहे. त्याला दूध, केळी, पाणी यांचे फोटो द्या. फोटो तुमच्या हातात ठेवला की वस्तू लगेच मिळाली पाहिजे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि मराठीत बोलतं. चित्राला बोट लावलं की वाक्य ऐकू येतं. चित्रांनी मूल आळशी होईल, मग कधीच बोलणार नाही, ही भीती सार्वत्रिक आहे आणि निराधार आहे. सांगितलेलं समजतं आहे, हे कळल्यावर उलट बोलण्याची उमेद वाढते.

भाषा कुठली? घरात जी आहे ती. घरी वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडी, गोंडी बोलत असाल तर गोंडी. मूल यूट्यूबवरून इंग्रजी गाणी, रंग, आकडे घडाघडा म्हणतं आणि आईला ‘पाणी’ म्हणत नाही, अशी बरीच घरं आहेत. ती पाहून कुणीतरी सांगतं की याच्याशी इंग्रजीतच बोला. मग ज्या आजीला इंग्रजी येत नाही ती गप्प बसते, आणि दिवसभर मुलाशी बोलणारं हक्काचं माणूस जातं. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मूल मागे पडतं, असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही.

गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेच्या कामातून आईबापांना घेण्यासारखं बरंच आहे. २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर गोवा आणि रावळपिंडी इथे झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ डॉक्टर घरोघर गेले नव्हते. साधे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते गेले. ते आई आणि मूल खेळत असतानाचा छोटा व्हिडिओ घेत आणि मग आईबरोबर बसून पाहत: इथे मुलाने तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही काय केलं? आया मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकल्या आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. हे तुम्ही घरी करू शकता. आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचा खेळ कुणाकडून तरी चित्रित करून घ्या आणि रात्री नवरा-बायकोने मिळून पाहा. मूल चाक फिरवत बसलं असेल तर त्याला ‘गाडी नीट चालव’ न म्हणता तुम्हीही शेजारी चाक फिरवा आणि थांबा. बहुतेकदा ते वर पाहतं.

आरडाओरडा, चावणं, डोकं आपटणं

आधी शरीर तपासा. दाढ दुखते का, कान फुटलाय का, चार दिवस शौचाला झालेलं नाही का, फिट येऊन तर गेली नाही ना. ज्याला सांगता येत नाही त्याचं पोटदुखीचं बोलणं असंच असतं. शरीर ठीक असेल तर वहीत तीन रकाने पाडा: त्याआधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. पंधरवडाभर लिहा. ओरडल्यावर दर वेळी अभ्यास बंद होत असेल किंवा मोबाईल हातात येत असेल, तर ओरडणं हे त्याने तुमच्याकडूनच शिकलेलं आहे. त्याला ‘बस’ म्हणायचं एक चित्र द्या, आणि ते दाखवलं की खरंच थांबा. मार हा उपाय नव्हेच. मार खाल्लेलं मूल फक्त मारायला शिकतं.

खाण्याचा हट्ट असतो, पांढरा भातच हवा, एकाच कंपनीचं बिस्किट हवं. गोरसपाकवर दिवस काढणारं पोरही असू शकतं. नवा पदार्थ ताटात नको, ताटाशेजारी वाटीत ठेवा, आणि खा म्हणू नका. डाळीच्या, दाण्याच्या कामात हात घातलेली मुलं पुढे तेच तोंडात घालून पाहतात. स्वयंपाकघरात शिकवण्याचा हाही एक फायदा.

विहीर

यावर वेगळं लिहायला हवं. स्वमग्न मुलं घरातून निघून जातात, न सांगता, धोक्याची जाण नसताना, आणि त्यांतल्या अनेकांना पाण्याची ओढ असते. बुडणं हे अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंचं मोठं कारण आहे. आपल्याकडे वावरात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, शेततळी आहेत, कालवे आहेत, धाम आणि वेणा नदी आहे. दाराला वरच्या बाजूला, मुलाचा हात पोचणार नाही अशी कडी लावा. घराभोवतालची प्रत्येक विहीर आणि तळं स्वतः चालून पाहा, आणि मूल दिसेनासं झालं तर शोध आधी तिथेच सुरू करायचा हे घरातल्या सगळ्यांना ठरवून द्या. शेजारी, पानठेलेवाला, पोलीस पाटील यांना मुलाचा फोटो आणि तुमचा नंबर द्या, आणि सांगा की हाक मारून ते थांबणार नाही, हात धरावा लागेल. गळ्यातला बिल्ला मूल काढून टाकतं. शर्टाच्या आतून नंबर शिवलेला बरा. आणि शक्य असेल तिथे पोहायला शिकवा. वर्ध्यात, हिंगणघाटला, जिथे सोय असेल तिथे. वर्णमाला एक वर्ष उशिरा आली तरी चालेल.

अक्षरं, परीक्षा

वाचायला शिकवताना काही मुलांना अख्खा शब्द चित्रासारखा लक्षात राहतो; त्यांना बाराखडीने सुरुवात करू नका. ‘आई’, ‘दूध’, ‘बस’ असे शब्द वस्तूंवरच चिकटवा. काही मुलं गाड्यांच्या नंबर पाट्या, एसटीच्या पाट्या वाचत आपणहून वाचायला लागतात, पण अर्थ कळत नाही. त्यांना वाचलेलं करायला लावा: ‘वाटी आण’ असं लिहिलेली चिठ्ठी द्या. बोटांत जोर नसेल तर हस्ताक्षरावर वर्षं घालवू नका, टंकलेखन शिकवा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यातला एकच धडा घेऊन आठवडाभर घरातल्या कामाशी जोडला तरी पुष्कळ. पुढे परीक्षा द्यायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि दहावीसाठी ओळखीचा १७ नंबरचा फॉर्म. लेखनिक आणि जादा वेळ प्रमाणपत्रावर मिळतो, पण तो आधी अर्ज करून. परीक्षा सगळ्याच मुलांनी द्यावी, असं मात्र मला वाटत नाही.

जे विकायला येतात त्यांच्याविषयी

स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन स्वमग्नता बरी करतो, असं सांगणारे दवाखाने मोठ्या शहरांत आहेत, आणि त्यासाठी शेत विकायला निघालेली माणसंही आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असं सांगितलं आहे. शेत ठेवा. दूध-गहू बंद करण्याचा पथ्याचा सल्लाही सर्रास मिळतो. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातले दोन काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी एक गोष्ट जास्त नाजूक आहे. कर्नाटकात वाढलेल्या टिटो मुखोपाध्यायला त्याच्या आईने, सोमा यांनी, घरीच शिकवलं. तो पुढे लेखक झाला. त्यांच्या पद्धतीत शिक्षक अक्षरांची पाटी हातात धरतो आणि मूल बोटाने अक्षरं दाखवतं. ही कथा वाचून अनेक आया तसं करू पाहतात. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत न वापरण्याचा सल्ला दिला, कारण निघालेले शब्द मुलाचे की पाटी धरणाऱ्याचे, हे सिद्ध झालेलं नाही. पाटी टेबलावर ठेवा, कुणी धरू नका. मूल तरीही लिहीत असेल तर ते त्याचंच.

आई

घरी शिकवणं याचा अर्थ बहुधा आईने शिकवणं असा होतो, आणि ते टिकत नाही. बाबांनी ठरावीक काम घ्यावं, रोजचं: आंघोळ, किंवा संध्याकाळची सायकल. आजी-आजोबांना ‘लाडावू नका’ म्हणण्यापेक्षा एक काम पूर्ण सोपवा. आजीचं काम टिकल्या आणि कुकर. आजी मुलाला बाहेरबाधा म्हणून कुठे नेत असतील तर भांडत बसू नका, अंगारा लावू द्या, पण उपाशी ठेवणं, बांधणं, चटका देणं याला ठाम नाही म्हणा. भावंडाला रोज अर्धा तास एकट्याने आई मिळायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं आहे, ९ गटसत्रं आणि घरी ३ भेटी; त्यात आईबापांच्या स्वतःच्या ताणालाही जागा दिलेली आहे. तालुक्यात चार कुटुंबं सापडली तरी गट होतो. एकमेकांकडे मुलं तासभर ठेवता आली, तर त्यात बरंच काही साधलं.

मोठं होण्याची तयारी आठव्या-नवव्या वर्षीच सुरू करा. कपडे बदलताना दार लावणं, कुणी कुठे हात लावायचा नाही, आंघोळ स्वतः करणं; मुलीला पाळी येण्याआधी पॅड लावण्याचा सराव. हे उशिरा शिकवलं तर फार जड जातं. आणि १८ पूर्ण झाल्यावर कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. तो अर्ज मूल सतराचं असतानाच तयार ठेवा: आधार, दिव्यांग प्रमाणपत्र, फोटो, आणि तुमच्यानंतर जो पाहणार आहे त्याचं, विचारून घेतलेलं, नाव.